म्हातारे तारे वायू फेकतात कसे, आणि ठाण्याच्या गच्चीवरून त्यातलं काय दिसतं

सूर्यावरून निसटायला सेकंदाला ६१८ किलोमीटर वेग लागतो. तोच सूर्य उतारवयात फुगून त्याची त्रिज्या ३०० पट झाली की ३६ किलोमीटर पुरतील. तरीही वायू आपोआप उडून जाणार नाही, कारण ३००० केल्व्हिनच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचे कण सरासरी दहा किलोमीटरचाही वेग गाठत नाहीत. उरलेला जोर दोन टप्प्यांत मिळतो.

पहिला स्पंदनाचा. तिमिंगल (सेटस) तारकासमूहातला मीरा हा म्हातारा लाल तारा साधारण ३३२ दिवसांत एकदा फुगतो-आकसतो. दर खेपेला उठणाऱ्या आघात-लाटा वरचे थर दुप्पट-तिप्पट त्रिज्येपर्यंत उचलतात. एवढ्यावरच थांबलं तर सगळं परत खाली कोसळेल. पण तिथे तापमान १५०० केल्व्हिनच्या खाली येतं आणि वायूतून धुळीचे कण तयार होऊ लागतात.

प्रकाश ढकलतो तो या धुळीला. वायूतून तो बराचसा आरपार जातो. सुटलेले धूलिकण रेणूंवर आदळत त्यांनाही नेतात. ठाणे स्टेशनला फास्ट लोकलच्या दारात उभ्या माणसाला उतरायचं नसलं तरी उतरावं लागतं, तसंच. हा वारा सेकंदाला ५ ते २० किलोमीटरचाच. तेवढा चालतो, कारण ढकलणं वाटेतही सुरूच असतं.

खरी मेख धुळीच्या जातीत आहे. कार्बन आणि ऑक्सिजन जोडीजोडीने कार्बन मोनॉक्साइडमध्ये अडकतात. जो उरेल तो धूळ ठरवतो. कार्बन उरला तर काजळीसारखी धूळ बनते, ती प्रकाश शोषते आणि काम सोपं होतं. ऑक्सिजन उरला, जसा मीरात, तर सिलिकेट, म्हणजे वाळूच्या जातीचे कण, बनतात. त्यात लोह असेल तर ते ताऱ्याजवळ तापून विरतात. लोह नसेल तर जवळजवळ पारदर्शक! मग प्रकाश विखरूनच धक्का मिळतो, आणि त्यासाठी कण ०.३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास वाढावे लागतात. बारीकच राहिले तर वारा सुटत नाही.

मीरा वर्षाला सूर्याच्या वस्तुमानाचा साधारण एक कोटीवा भाग गमावतो, म्हणजे तीसेक वर्षांत एक पृथ्वी. २००७ मध्ये गॅलेक्स उपग्रहाच्या चित्रांत त्याच्यामागे १३ प्रकाशवर्षं लांब शेपूट सापडली.

ती शेपूट अतिनील प्रकाशातली, आपल्याला दिसणार नाही. स्पंदन मात्र ताऱ्याच्या तेजातल्या चढउतारातून दिसतं. डिसेंबरात रात्री नऊ-साडेनऊला मीरा दक्षिणेला ६८ अंश उंच असतो, मुंबईच्या उजेडाच्या बराच वर. त्याच तारकासमूहातल्या डेल्टा सेटी ताऱ्यापासून नैर्ऋत्येला ६ अंशांवर शोधा. १०×५० बायनॉक्युलरमध्ये दोन्ही कसेबसे एकत्र मावतात. त्याचं तेज ठरवायला तुलनेला त्याच समूहातले अल्फा (प्रत २.५), गॅमा (३.५) आणि डेल्टा (४.१) घ्या; प्रतीचा आकडा लहान तितका तारा तेजस्वी. लाल ताऱ्यावर टक लावू नका, तो उगाच उजळ वाटू लागतो. फोकस किंचित बिघडवून ओझरतं बघा. कमाल तेजाची तारीख दरवर्षी महिनाभर अलीकडे सरकते, त्यामुळे काही वर्षं ती एप्रिल-मेमध्ये पडते आणि सूर्याच्या उजेडात हुकते.

किमान तेजाला तो नवव्या प्रतीपर्यंत उतरतो आणि घोडबंदर रोडवरून बायनॉक्युलरलाही दाद देत नाही. पण ही घट मुख्यतः दृश्य प्रकाशातली: ताऱ्याच्या वातावरणातलं टायटॅनियम ऑक्साइड तो अडवतं आणि तारा थंडावल्याने उरलेला बराचसा प्रकाश अवरक्तात सरकतो. धूळ ढकलायला तो पुरतो.