झोपेत घसा का मिटतो: जबडा, जीभ आणि पोट

नाकाच्या पोकळीला हाडाचा आधार असतो, श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्यांचा. मधला घसा, म्हणजे टाळूच्या मागून स्वरयंत्रापर्यंतचा भाग, मात्र केवळ स्नायूंच्या जोरावर उघडा राहतो. जागेपणी दर श्वासाला जिभेचा स्नायू तिला पुढे ओढून धरतो. झोप लागली की तो सैलावतो. उताणं झोपलं तर जीभ आणि मऊ टाळू मागे ढळतात. बहुतेकांना तरीही पुरेशी वाट उरते. ज्यांची वाट मुळातच चिंचोळी, त्यांची बंद होते आणि झोपेत श्वास वारंवार अडतो; हाच स्लीप अ‍ॅप्निया.

ती चिंचोळी असण्यामागे दोन गोष्टी: हाडांची चौकट केवढी आणि तिच्यात मांस किती. खालचा जबडा मागे असेल किंवा वरचा अरुंद असेल, तर जिभेला जागाच कमी. म्हणून सडपातळ माणसालाही स्लीप अ‍ॅप्निया होतो. 'मी कुठे जाड आहे' म्हणून तपासणी टाळू नका. आशियाई लोकांत तो पाश्चात्त्यांपेक्षा कमी बीएमआयलाही (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) आढळतो. लहान मुलांत दोषी बहुधा टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइड (नाकाच्या मागच्या गाठी).

आता चरबी. ती नुसती हनुवटीखाली लोंबत नाही. घशाच्या दोन्ही बाजूंना साठून भिंती आत ढकलते, आणि खुद्द जिभेतही, विशेषतः मागच्या भागात, मुरते. मानेचा घेर मोजण्याचं कारण हेच. टेप कंठमण्याच्या पातळीवर, सैल न सोडता आणि न आवळता धरा; ४० सेंटिमीटरपेक्षा जास्त घेर ही धोक्याची खूण मानतात.

पोटाचा भाग फारसा कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर. आडवं झाल्यावर पोटावरच्या चरबीचा भार श्वासपटलाला वर ढकलतो आणि फुप्फुसांतली हवा कमी होते. एरवी भरलेली फुप्फुसं श्वासनलिकेला खाली ओढून धरतात, त्या ताणाने वरचा घसा घट्ट राहतो. ताण गेला की घशाच्या भिंती लुळ्या पडतात. म्हणजे ढेरी कमी करण्याचा फायदा थेट गळ्याला मिळतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या दीर्घ अभ्यासात (२०००) वजन १० टक्के वाढलेल्यांत श्वास अडण्याचं प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढण्याचा, तर तेवढंच घटलेल्यांत सुमारे २६ टक्क्यांनी उतरण्याचा अंदाज निघाला.

शेजारी झोपणाऱ्याने आवाजापेक्षा शांततेकडे लक्ष द्यावं. मोठं घोरणं, मग अचानक गप्प, मग धाप लागल्यासारखा श्वास: मधला खंड १० सेकंद किंवा त्याहून मोठा असेल तर तो अ‍ॅप्निया. स्लीप स्टडीत (झोपेत केलेल्या तपासणीत) असे आणि अर्धवट अडलेले श्वास तासाला किती ते मोजतात. मोठ्यांत ५ ते १५ सौम्य, ३० किंवा त्याहून जास्त गंभीर. झोपण्यापूर्वीची दारू स्नायू आणखी सैल करते. झोपेच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

उपचारासाठीचं सीपॅप यंत्र मास्कमधून घशात हवेचा दाब ठेवून भिंती मिटू देत नाही. मास्कमधून हवा गळली, तोंड उघडं राहिलं, तर दाब टिकत नाही. 'यंत्राचा उपयोग नाही' म्हणण्याआधी मास्कचं माप तपासून घ्या. वजन बरंच उतरलं तर यंत्र आपलं आपण बंद न करता पुन्हा स्लीप स्टडी करा. दाब कमी लागू शकतो, पण जबडा अरुंद असेल तर थोडा आजार उरू शकतो.