नागीण: पहिले तीन दिवस

नागीण झालेल्या माणसाला आमच्या गोव्यातल्या डिचोली भागात आजही पहिला सल्ला मिळतो तो मंत्र घालून घेण्याचा. फोडांवर गेरूचा जाड लेप देतात, पथ्य म्हणून मासळी बंद करतात, आणि फोडांची रांग कमरेला वळसा घालून तिचे तोंड शेपटीला मिळाले की माणूस हाती लागत नाही, ही भीती घरातले सगळेच दबक्या आवाजात बोलून दाखवतात. माझ्या मावशीच्या आजारपणात हे सारे मी जवळून पाहिले. पुढे डॉक्टरांशी बोलून आणि वाचून जे समजले ते इथे मांडत आहे, कारण या आजारात उपचाराचा खरा उपयोग होतो तो सुरुवातीच्या तीन दिवसांत, आणि नेमके तेच दिवस आपल्याकडे हातचे जातात.

नागीण बाहेरून येत नाही. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू, म्हणजे व्हेरिसेला झोस्टर, शरीरातून नाहीसा होत नाही. पाठीच्या कण्यालगत मज्जातंतूंच्या मुळाशी असलेल्या पेशींच्या गाठींमध्ये तो वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो. वय पन्नाशीच्या पुढे गेले, कर्करोगाचे उपचार चालू असले, स्टेरॉइडची औषधे दीर्घकाळ घ्यावी लागली किंवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती उतरली, की तो पुन्हा जागा होतो आणि बहुधा एकाच मज्जातंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो. आपल्या शरीरातील हे मज्जातंतू डावे-उजवे वेगळे असल्यामुळे फोडांचा पट्टा एका बाजूलाच उठतो आणि छाती-पोटाच्या किंवा पाठीच्या मध्यरेषेपाशी थांबतो. म्हणजे वळसा पूर्ण होण्याची भीती मुळातच निराधार आहे. क्वचित फोड अंगभर पसरतात, पण ते प्रतिकारशक्ती फारच खालावल्याचे लक्षण असते आणि अशा रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे लागते.

निदान चुकते त्याचे मोठे कारण म्हणजे फोडांच्या आधी वेदना येते. मावशीच्या पाठीत डावीकडे दुखू लागले तेव्हा उसण भरली असे समजून बाम चोळला गेला आणि गरम पाण्याची पिशवी झाली. छातीत डावीकडे दुखले तर हृदयविकाराची शंका येते, पोटात उजवीकडे दुखले तर पित्ताशयातील खड्यांची. दोन-चार दिवसांनी तिथेच लालसर चट्टा उठला आणि त्यावर पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचे घोस आले. पोलक्याची शिवण त्या जागेला लागली तरी ती कळवळत असे. पंख्याचा वारासुद्धा तिला सोसवेना. एकाच बाजूला, पट्ट्यासारखी आग होत असेल आणि त्यावर चट्टा दिसू लागला, तर तो दिवस डॉक्टरांकडे जाण्याचा समजावा.

असायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर किंवा फॅमसायक्लोव्हिर या विषाणूरोधक गोळ्या चट्टा उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झाल्या तर त्यांचा लाभ सर्वाधिक होतो. असायक्लोव्हिरची नेहमीची मात्रा मोठ्या माणसाला 800 मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस अशी असते. मूत्रपिंडाचा विकार असेल तर ती कमी करावी लागते, म्हणून या गोळ्या फार्मसीतून परस्पर आणून घेऊ नयेत. उशीर झाला तरी नवे फोड येत असतील किंवा डोळ्याला धोका असेल तर डॉक्टर त्या देतात. फोड स्वच्छ पाण्याने हलके धुऊन कोरडे ठेवावेत आणि सुती, सैल कपडे घालावेत. गेरूमुळे आणखी एक अडचण होते: वाळलेल्या लेपाखाली फोडांत पू झाला आहे का, हे डॉक्टरांनाही दिसत नाही.

मंत्राने गुण आला असे सांगणारे लोक खोटे बोलत नसतात. फोड सात ते दहा दिवसांत खपली धरतात आणि दोन ते चार आठवड्यांत त्वचा आपोआप भरून येते; त्या काळात जे काही केले, त्याला श्रेय मिळते. मात्र मज्जातंतूला झालेली इजा त्वचेबरोबर भरून येईलच असे नाही. फोड गेल्यानंतरही तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी वेदना, विशेषतः साठीच्या पुढच्या माणसांत, महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे छळते. मावशीच्या वाट्याला ती आली. साध्या वेदनाशामक गोळ्यांनी ही आग फारशी शमत नाही. त्यासाठी गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन किंवा अमिट्रिप्टिलिन यांसारखी औषधे कमी मात्रेपासून हळूहळू वाढवत द्यावी लागतात. त्यांनी गुंगी येते, तोल जातो, म्हणून रात्री उठणाऱ्या वृद्धांकडे घरच्यांनी लक्ष ठेवावे.

कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड दिसले तर डोळ्यालाही बाधा होऊन दृष्टी जाऊ शकते. कानात फोड येऊन चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली तर तेही तितकेच तातडीचे. अशा वेळी वाट न पाहता जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा थेट बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात जावे.

नागीण दुसऱ्याला लागत नाही, परंतु फोडांतील पाण्याच्या संपर्कातून, ज्याला कांजिण्या आलेल्या नाहीत अशा माणसाला कांजिण्या होऊ शकतात. उष्ण प्रदेशांत कांजिण्या न आलेली प्रौढ माणसे तुलनेने अधिक आढळतात, आणि गणपतीच्या चवथीला तर घर माणसांनी भरलेले असते. खपल्या धरेपर्यंत फोड झाकून ठेवावेत. गरोदर लेकी-सुनांना आणि तान्ह्या बाळांना रुग्णापासून दूर ठेवावे. याचा अर्थ रुग्णाला वाळीत टाकावे असा मात्र नाही.

नागिणीवर प्रतिबंधक लस आहे. शिंग्रिक्स ही लस भारतात 2023 पासून मिळते. पन्नाशी उलटलेल्यांना तिच्या दोन मात्रा दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दंडात देतात. मोठ्या चाचण्यांत तिचे संरक्षण नव्वद टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक आढळले. तिची किंमत पुष्कळ कुटुंबांच्या आवाक्याबाहेरची आहे, ही गोष्ट मला फार खटकते. नागीण एकदा होऊन गेलेल्यालाही ती पुन्हा होऊ शकते, त्यामुळे आजार पूर्ण ओसरल्यावर लस घेता येते. मावशीने ती घेतली आणि काकांनाही घ्यायला लावली.