तुम्ही विचारलंत म्हणून : छोट्या कारखान्याला पर्यावरण परवडतं का?

"मोठ्या कंपन्यांचं ठीक आहे, पण दहा-पंधरा माणसांच्या कारखान्याला हे पर्यावरण वगैरे परवडतं का?" हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा छतावरची सोलर पॅनेल असतात. मी मात्र उत्तराला सुरुवात कॉम्प्रेसरपासून, म्हणजे हवा दाबून मशीनना पुरवणाऱ्या यंत्रापासून करते, कारण तिथे मी स्वतः चुकले आहे.

आमच्या शॉपमध्ये मशीनना दाबाची हवा कमी पडायला लागली, तेव्हा आम्ही आणखी एक कॉम्प्रेसर घेतला. पुढे एका सुट्टीच्या दिवशी, मशीन बंद असताना, मी एकटीच आत उभी होते. चहूकडून फुसफुस ऐकू येत होती. होज, कपलिंग, जुने व्हॉल्व्ह, सगळीकडून. एरवी मशीनच्या आवाजात हे कुणालाच ऐकू येत नव्हतं. म्हणजे आम्ही नवा कॉम्प्रेसर गळतीसाठी घेतला होता.

सात बार दाबाच्या लाइनला तीन मिलिमीटरचं एक भोक असेल, तर त्यातून साधारण ३ किलोवॅट वीज उडून जाते. लाइन रात्रंदिवस भरलेली असेल तर वर्षाला २५,००० युनिटच्या आसपास. ते भोक शोधायला साबणाचं पाणी पुरतं. गळती मोजायलाही उपकरण लागत नाही. काम बंद असताना कॉम्प्रेसर चालू ठेवा आणि घड्याळ घेऊन बसा. तो दोन मिनिटं लोडवर (म्हणजे हवा भरत) आणि सहा मिनिटं अनलोडवर (म्हणजे हवा न भरता नुसता फिरत) जात असेल, तर क्षमतेच्या पंचवीस टक्के हवा नुसती गळते आहे. गळती थांबली की दाबही थोडा उतरवून बघता येतो. एक बार कमी केला तर कॉम्प्रेसरची सहा-सात टक्के वीज वाचते.

माझं म्हणणं एवढंच आहे : गटारात, धुराड्यात आणि भंगारात जे जातं, ते तुम्ही आधी विकत घेतलेलं असतं. ते फेकायलाही पुन्हा पैसे पडतात.

प्लेटिंगवाल्यांना, म्हणजे रसायनाच्या टाकीत बुडवून धातूवर मुलामा चढवणाऱ्यांना, हे लवकर पटतं. जॉब, म्हणजे ज्यावर काम चालू आहे तो भाग, टाकीतून काढून लगेच धुवायला नेला, तर त्याला चिकटलेलं महागडं रसायन पाण्यात जातं. टाकीवरच थोडा वेळ निथळू दिला तर बरंच परत टाकीत पडतं. धुण्याच्या टाक्यांचं गणित तर मला फार आवडतं. चिकटलेलं एक लिटर द्रावण हजारपट पातळ करायचं, तर एका टाकीत सुमारे हजार लिटर पाणी लागतं. दोन टाक्या ठेवल्या, ताजं पाणी शेवटच्या टाकीत सोडलं आणि तिथून ते मागच्या टाकीत आणलं, तर हिशेबाने ३२ लिटरच्या आसपास भागतं. पाणी घटलं की शुद्धीकरणाचा खर्चही घटतो.

लेथवरच्या किसाचं थोडक्यात सांगते. अॅल्युमिनियम आणि लोखंडाचा कीस वेगळा ठेवा, त्याला लागलेलं कुलंट (कापताना थंडाव्यासाठी सोडलेलं द्रव) निथळू द्या. भाव वेगळाच मिळतो. भंगारातून अॅल्युमिनियम करायला खनिजापासून करण्याच्या जेमतेम पाच टक्के ऊर्जा लागते, म्हणून त्याला मागणी असते.

आता कडू भाग. सगळंच परवडतं असं मी म्हणणार नाही. आम्ही ग्रीस काढायचं सॉल्व्हेंट सोडून पाण्यावर चालणारं क्लीनर आणलं. जॉब वाळवायला वेळ लागायला लागला, काही गंजले, पहिले काही महिने आम्ही वैतागलो होतो. पण त्या टेबलावर काम करणाऱ्या मुलीचं डोकं रोज संध्याकाळी दुखायचं, ते थांबलं. हा फायदा मी वहीत कुठल्या रकान्यात लिहू? सांडपाण्याच्या शुद्धीकरणाचंही तसंच. ते पैसे फेडून देवो न देवो, करावंच लागतं, कारण खालच्या अंगाला कुणाची तरी विहीर असते.

सोलरचं नंतर बघू. आधी जेवढी वीज वाया जाते तेवढी कमी करा, म्हणजे पॅनेलही कमी लागतील. या सुट्टीला कॉम्प्रेसरजवळ अर्धा तास बसा, लोड-अनलोडची मिनिटं कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन माझ्याकडे या.