तुम्ही विचारलंत म्हणून: कच्ची शेवंड खाल्ली कशी?

जपानहून परत आल्यापासून देवळं, बुलेट ट्रेन यांच्याबद्दल फारसं कुणी विचारत नाही. सगळ्यांची बोटं त्या एका फोटोवरच थांबतात. बर्फाच्या चुऱ्यावर बसलेली शेवंड, म्हणजे लॉब्स्टर, उभ्या लांब मिशा, पाठीच्या कवचात रचलेले पांढरे तुकडे. "अहो, कच्ची? तुम्ही खाल्लीत?" नणंदेनं विचारलं, भिशीत विचारलं. मालवणची मावसबहीण तर फोनवर जवळजवळ रागावली, "वाटण नाय, सोलां नाय, आणि तू शेवंड खाल्लंस?" म्हणून एकदा नीट लिहून टाकते.

आम्ही उतरलो होतो मिए प्रांतातल्या शिमा भागात. नागोयाहून किंतेत्सू या खासगी रेल्वेच्या गाडीनं निघालं की शेवटचं स्टेशन काशिकोजिमा. २०१६ ची जी-७ परिषद भरली ते बेट हेच. खाडीत मोत्यांच्या शेतीचे तराफे दूरवर दिसतात. इथल्या शेवंडीला इसेच्या देवस्थानाच्या मुलखावरून 'इसे-एबी' म्हणतात. तिला नांग्या नसतात, असतात त्या जाडजूड काटेरी मिशा. म्हणजे ती आपल्या मुंबई-मालवणच्या शेवंडीच्याच कुळातली. जपानीत 'एबी' लिहितात तो 'समुद्रातला म्हातारा' या अर्थाच्या अक्षरांनी, वाकलेली पाठ आणि लांब दाढीमिशा बघून. म्हणून ती दीर्घायुष्याची खूण मानतात आणि नव्या वर्षाच्या सजावटीत मांडतात.

आम्ही गेलो नोव्हेंबरात, आणि ते मुद्दामच. मिएमध्ये मे ते सप्टेंबर शेवंड धरायची नाही, कारण उन्हाळ्यात माद्या अंडी वागवत असतात. ऑक्टोबर लागला की जाळी पाण्यात पडतात. अंड्यातून निघालेलं पिल्लू काचेसारखं पारदर्शक, चपटं, पानासारखं असतं आणि जवळपास वर्षभर उघड्या समुद्रात प्रवाहाबरोबर फिरतं. एवढा प्रवास करून जे कातळाला लागतं ते पुढे ताटात येतं. हे कळल्यावर पहिला घास घेताना हात आपोआप हळू होतो.

जेवण आमच्या खोलीतच होतं. चटईची जमीन, ठेंगणं मेज, अंगात युकाता, म्हणजे सुती किमोनो. वाढायला आलेल्या बाई माझ्याहून वयानं मोठ्या, पण प्रत्येक वेळी दारात गुडघ्यांवर बसून आत येत होत्या. मला फार अवघडल्यासारखं झालं. सुरुवातीला तिळाचा टोफू आला, मग कोंबू हे समुद्री शेवाळ आणि सुका कात्सुओ मासा यांच्या पाण्याचं निवळ सूप. झाकण काढलं तेव्हा वाफेला समुद्राचा वास होता, पण मासळीचा नाही. नंतर ती आली.

मिशी हलली. खरं सांगते, मला ते बघवेना. बाईंनी हात जोडले आणि 'इतादाकिमास' म्हणाल्या, म्हणजे 'मी हे विनम्रपणे स्वीकारते'. मीही हात जोडले. आमच्याकडे जेवणाआधी जोडतात तसेच. त्यानंतर मला खाता आलं.

पहिल्यांदा जिभेला फक्त गार लागलं. मांस सोलल्यावर बर्फाच्या पाण्यात बुडवतात, त्यानं ते आवळतं आणि कडेला जरा मुरडतं. दात रुतवला की करकरीत नाही, मऊही नाही, थोडा विरोध करतं. मग चावता चावता गोडी येते. कोवळ्या खोबऱ्याची असते ना, तशी, मागून येणारी. ही कल्पनेतली गोडी नाही. शेवंडीच्या मांसात ग्लायसिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं आणि त्याची चवच गोड. पन्नास वर्षं शेवंड खाऊन मला ते कधी कळलं नव्हतं. आईच्या वाटणावर माझा जीव आहे, पण त्या वाटणाखाली ही चव होती, हे मला शिमात कळलं.

तर 'कशी खाल्ली' याचं खरं उत्तर: ती संध्याकाळपर्यंत जिवंत होती म्हणून. शेवंड मेली की तिच्या डोक्यातले पाचक रस मांसात उतरतात आणि ते भराभर पिठूळ होतं. त्यामुळे तिथे ती स्वयंपाकघरात पोचेपर्यंत जिवंत ठेवतात. आपल्या बाजारातली बर्फात आलेली शेवंड घरी कच्ची खाऊ नका, मी कितीही कौतुक केलं तरी. ती शिजवूनच छान.

पुढचा पदार्थ ओनिगारा-याकी. शेवंड उभी चिरून, कवचासकट निखाऱ्यावर, वरून सोया सॉसचा हात. कवच करपल्याचा वास आला आणि मी थेट आजोळच्या चुलीपाशी पोचले. हे म्हणाले, "आता बोलू नकोस, खा." अवाबीही होती. कातळाला चिकटणारा एकशिंपी जीव, तो 'आमा' बायका दम रोखून बुड्या मारून काढतात. १०.६ सेंटिमीटरहून लहान निघाला तर परत सोडायचा, असा मिएचा नियम. मधलं उकडलेलं, तळलेलं मला आता नीटसं आठवत नाही. शेवटी भात, लोणची आणि फळ.

दुसऱ्या दिवशी पहाटे बंदरावर गेलो. संध्याकाळी टाकलेली जाळी वर आली होती आणि अख्खं कुटुंब ओळीनं बसून शेवंडी सोडवत होतं. मिशी तुटली तर भाव पडतो, म्हणून सगळं इतकं सावकाश. पौर्णिमेच्या आसपास जाळी टाकत नाहीत, उजेडात शेवंड बाहेर पडत नाही, असं एका आजोबांनी फोनवरच्या भाषांतरातून सांगितलं. मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे मांसानं भरलेली चिंबोरी अमावस्येची. भाषांतर वाचून ते बराच वेळ मान हलवत राहिले.

परतलो तर न्याहारीला मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं सूप होतं. वाडग्यातून दोन मिशा बाहेर आलेल्या. रात्रीचीच शेवंड, तिचं डोकं. वाढणाऱ्या बाईंनी कवचं टाकायला रिकामी वाटी ठेवली आणि हातानं चोखून खा, अशी खूण केली. वर हिरवं आओसा शेवाळ तरंगत होतं. डोक्यातलं पिवळट मऊ त्यात विरघळलेलं. पायांचे नळे आम्ही दोघांनी एकेक करून दातांनी फोडले, आणि बाई दाराशी बसून ते सगळं संपेपर्यंत थांबल्या.