ड्रोनचं चित्र फुटतं तेव्हा: डोंगरधारेपासून किनाऱ्यापर्यंत

प्रवासात ड्रोन वर असताना स्क्रीनवरचं चित्र चौकोनी तुकड्यांत फुटलं किंवा गोठलं, की मी आधी एकच गोष्ट बघतो: बिघाड स्क्रीनवर आहे की कार्डात? दोन्ही चित्रांच्या वाटा वेगळ्या. स्क्रीनवर दिसतं ते रेडिओवरून आलेलं, बहुधा ७२०पी किंवा १०८०पी. ४के चित्रीकरण मात्र ड्रोनमधल्या मायक्रोएसडी कार्डावर होतं. त्यामुळे स्क्रीनवरचं थेट चित्र, म्हणजे फीड, पार तुटला तरी फुटेज बहुतेकदा स्वच्छ निघतं.

डोंगरावर त्रास देते ती धारच. ड्रोन पलीकडे उतरला की मध्ये खडक येतो आणि चित्र जातं. ड्रोनची उंची वाढवायची, किंवा आपणच मोकळ्यावर सरकायचं. सिग्नल पूर्ण तुटल्यास ड्रोन सहसा आपणहून परत येतो. त्या परतीची उंची वाटेतल्या सगळ्यात उंच अडथळ्याच्या वर ठेवूनच उडवावं. ही उंची उड्डाणाच्या जागेपासून मोजतात, ड्रोनखालच्या जमिनीपासून नव्हे. इथे बरेच जण फसतात.

रिमोटच्या अँटेनांची टोकं ड्रोनवर रोखणं हीसुद्धा नेहमीची चूक. टोकाच्या दिशेला सिग्नल सर्वांत कमी असतो. चपट्या अँटेनाची रुंद बाजू ड्रोनकडे हवी. रिमोट आणि ड्रोनमधला सिग्नल बहुधा २.४ किंवा ५.८ गिगाहर्ट्‌झच्या रेडिओपट्ट्यावर चालतो. दाट, ओल्या झाडीतून २.४ त्यातल्या त्यात तग धरतो, पण वस्तीजवळ तो वायफायने गजबजलेला असतो. तिथे नियमात बसत असेल तर ५.८ बरा, फक्त मधे आडोसा नको.

सिग्नलच्या कांड्या भरलेल्या आणि तरी चित्र अडखळतंय, तर संशय रिमोटला केबलने जोडलेल्या, स्क्रीन म्हणून वापरलेल्या फोनवर घ्यावा. उन्हात तापलेला फोन मंदावतो. मी तो सावलीत धरतो, बाकीची ॲप बंद करतो, वायफायही. केबल बदलून पाहावी. काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून डेटा जातच नाही.

कार्डातलंच फुटेज खराब असेल तर गोष्ट वेगळी. सेकंदाला १०० मेगाबिटचं ४के म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट लिहिणं. व्ही३० ही खूण असलेलं कार्ड सेकंदाला किमान ३० मेगाबाइटचा वेग टिकवतं, म्हणून तेच घ्यावं आणि फॉरमॅट ड्रोनमध्येच करावं. चित्र जेलीसारखं थरथरत असेल तर पंख्याच्या पात्याला टवका गेलाय का ते पाहा, मग गिम्बलचे (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या यंत्रणेचे) रबर. किनाऱ्यावर सूर्य समोर आला की पात्यांच्या सावल्या लेन्सवरून पळतात आणि चित्रात पट्टे उमटतात. दिशा थोडी बदलली की ते जातात. रात्री ५० हर्ट्‌झच्या दिव्यांखाली चित्र लुकलुकलं तर शटर १/५० किंवा १/१०० सेकंद.

रेकॉर्डिंग थांबवण्याआधी बॅटरी गेली तर फाइल उघडत नाही, कारण तिची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते. कार्ड फॉरमॅट करू नका. त्याच ड्रोनमध्ये घालून ड्रोन चालू करा आणि थोडा वेळ थांबा. काही ड्रोन फाइल स्वतःच दुरुस्त करतात. आणि लॅपटॉपवर अडखळणारी प्रत्येक फाइल बिघडलेली नसते: एच.२६५ ही व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत जुन्या मशीनला झेपत नाही. तीच क्लिप नव्या फोनवर लावून पाहिली की उलगडा होतो.