लांबचं नीट दिसणारी मुलं वाचताना का थकतात

तपासणीत मूल सहा मीटरवरच्या तक्त्यातली ६/६ ची ओळ वाचून दाखवतं आणि घरचे निर्धास्त होतात. त्या ओळीतलं अक्षर जेमतेम पावणेनऊ मिलिमीटर उंच असतं, तेव्हा लांबची नजर चांगलीच आहे. पण शिकणं बरंचसं वही-पुस्तकात, म्हणजे डोळ्यांपासून तीस-पस्तीस सेंटिमीटरवर चालतं. तिथे डोळे किती वेळ टिकतात, हे त्या तक्त्यावरून कळत नाही.

इथे सगळ्यात जास्त फसवतो तो प्लस नंबर. डोळा आतून थोडा आखूड असतो, त्यामुळे प्रतिमा डोळ्यातल्या पडद्याच्या मागे पडू पाहते. लहान मुलांच्या डोळ्यातलं भिंग लवचीक असल्यानं मुलं जोर लावून ती प्रतिमा पडद्यावर आणतात. नंबर नसलेल्या मुलाला पुस्तकासाठी साधारण ३ डायॉप्टर (चष्म्याचा नंबर मोजायचं एकक) जोर लागतो. +४ नंबरच्या मुलाला लांब बघतानाच ४ आणि पुस्तकात बघताना ७. तेवढा जोर ते लावू शकतं, म्हणून तक्ता वाचतं. तासभर तो टिकवणं मात्र अवघड. मग सुरुवातीला छान चाललेलं वाचन हळूहळू विस्कटतं, ओळ सुटते, डोळे चोळले जातात, कपाळ दुखतं, मूल उठून पळतं. मोठी माणसं म्हणतात, ‘याचं लक्षच नसतं.’ हा शिक्का मुलावर फार अन्याय करतो. काही मुलांत याच जोरापायी डोळा नाकाकडे वळतो. असा तिरळेपणा बहुधा दोन-तीन वर्षांच्या आसपास दिसू लागतो आणि कित्येकदा नुसत्या चष्म्यानं सरळ होतो.

हा नंबर डोळ्याचा जोर तात्पुरता सैल करणारे थेंब न घालता नीट सापडत नाही, कारण तपासतानाही मूल जोर लावतच असतं. सायक्लोपेंटोलेट नावाचे थेंब घातल्यावर साधारण अर्धा-पाऊण तास थांबावं लागतं, आणि जवळचं धूसर दिसणं बहुधा दुसऱ्या दिवसापर्यंत ओसरतं. ॲट्रोपिन या दुसऱ्या थेंबांचा परिणाम आठवडा-दोन आठवडे राहू शकतो. थेंब झोंबतात, मूल रडतं, हे खरं. तरी ही पायरी गाळू नये. फक्त मशीनवर काढलेल्या नंबरावर लहान मुलाचा चष्मा करणं मला मुळीच पटत नाही.

दुसरी लपून बसणारी गोष्ट म्हणजे आळशी डोळा. एका डोळ्याचा नंबर जास्त असला किंवा तो तिरळा असला, की मेंदू त्याच्याकडून आलेलं चित्र बाजूला सारतो. दोन्ही डोळे उघडे असताना मूल धावतं, खेळतं, वाचतं, काही जाणवत नाही. मूल स्वतः सांगणार नाही, कारण वेगळं दिसणं कसं असतं हे त्याला ठाऊकच नसतं. घरी एकेक डोळा झाकून पाहा. झाकायला तळहात वापरा, बोटं नकोत (फटीतून बघतात), आणि डोळा दाबू नका. एक डोळा झाकल्यावर मूल शांत राहिलं आणि दुसरा झाकताच हात ढकलू लागलं, तर लगेच तपासून घ्या. आळशी डोळ्याला सुटं अक्षर ओळीतल्या अक्षरापेक्षा सोपं जातं; एकेक अक्षर दाखवून केलेली तपासणी म्हणून फसते.

उपचारात आधी चष्मा, तोही दिवसभर. काहींची नजर दोन-चार महिन्यांत तेवढ्यानंच सुधारते. नाही सुधारली तर चांगल्या डोळ्यावर पट्टी, मध्यम आळशीपणात सहसा रोज दोन तास, जास्त असेल तर सहा. पट्टी त्वचेवर चिकटवायची. चष्म्याच्या काचेवर लावली तर मूल कडेनं बघतं आणि तास वाया जातात. तेवढा वेळ रंगवणं, मणी ओवणं असं बारीक काम द्यावं. ठरलेली तपासणी चुकवू नये, कारण अति पट्टीनं चांगला डोळाही मागे पडू शकतो. सात वर्षांच्या आत गुण लवकर येतो. पुढेही बऱ्याच मुलांत सुधारणा होते, म्हणून ‘आता उशीर झाला’ असं परस्पर ठरवू नका.

मायनस नंबर त्या मानानं लवकर लक्षात येतो. -२ असेल तर अर्ध्या मीटरपलीकडचं धूसर होतं, आणि मूल फळ्याऐवजी शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतं. मुद्दाम कमी नंबरचा चष्मा दिल्यानं नंबर वाढायचा थांबत नाही. रोज दोनेक तास घराबाहेर, उजेडात घालवल्यानं मायनस नंबर लागण्याची शक्यता मात्र कमी होते.

चष्मा लावूनही जवळची अक्षरं दोन दिसत असतील, तर पेन्सिलचं टोक हळूहळू नाकाकडे आणा. पाच-सहा सेंटिमीटरच्या बरंच आधी ते दोन दिसू लागलं किंवा एक डोळा बाहेर सरकला, तर डोळे आत वळवण्याची ताकद कमी असू शकते. यावर व्यायामाचा उपयोग होतो, पण तज्ज्ञांच्या देखरेखीखाली.

डिस्लेक्सिया, म्हणजे अक्षरं-शब्द वाचायला शिकतानाच येणारी अडचण, मात्र डोळ्यांचा आजार नाही. रंगीत काचा किंवा डोळ्यांचे व्यायाम यांनी तो बरा होत नाही. तिथे वाचन शिकवण्याची वेगळी पद्धत लागते. डोळे आधी तपासायचे ते दोन्ही अडचणी एकत्र नाहीत ना, एवढं पाहायला.

फोटोत बाहुली पांढरी दिसली, किंवा चार महिन्यांनंतरही बाळाचा डोळा तिरळा राहिला, तर शाळेत जाईपर्यंत थांबू नका. पांढऱ्या बाहुलीमागे मोतीबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग असू शकतो, त्यामुळे त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांना दाखवा.