भिलारची दुपार

आज लेकीला घेऊन साताऱ्याहून भिलारला गेलो. पाचगणीजवळचं हे स्ट्रॉबेरीचं गाव २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालंय. लोकांनी आपल्या राहत्या घरातल्या खोल्या वाचकांसाठी उघडल्यात (केवढं मोठं मन लागतं त्याला!). बालसाहित्याच्या कपाटासमोर लेकीनं फतकल मारली. "बाबा, आवाज काढून वाच ना." मग वाघाचा आवाज, म्हातारीचा आवाज. शेजारची दोन अनोळखी पोरंही हळूहळू सरकत जवळ आली.

रात्री घरी 'श्यामची आई' लावला, अत्र्यांचा, १९५३ चा. कृष्णधवल म्हणून कंटाळेल असं वाटलं होतं. पण पोरगी शेवटपर्यंत हलली नाही. मध्येच तिनं माझा हात घट्ट धरला. लहानपणी हाच सिनेमा बघताना मी आईचा असाच धरला होता.